दोन्ही विभागांच्या सह्या

मन आणि आत्मा यांच्यामध्ये परमेश्वराने भिंत घातलेली नाही, ती माणसाने घातली आहे, असं ‘समन्वय’ संस्थेच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. संस्थेत ही भिंत नऊ इंची होती. तिच्या एका अंगाला मानसशास्त्र विभाग, दुसऱ्या अंगाला धर्मविज्ञान विभाग. मधे एक दार होतं, त्याला मानसशास्त्राकडून कडी घातलेली होती आणि धर्मविज्ञानाकडून कपाट लावलेलं होतं. चहासुद्धा दोन्हीकडे वेगळा होई.

शहापूरच्या बाहेर, महामार्ग सोडून आत गेलं की आंब्याच्या एका जुन्या बागेत ही संस्था होती. ख्रिस्ती धर्मविज्ञानाशी एकात्म केलेलं चिकित्सा-मानसशास्त्र, असा तिथला पदव्युत्तर अभ्यासक्रम. प्रवेश सहज मिळे, कारण अर्जच येत नसत. अडचण होती ती बाहेर पडताना. पाळकाचं शिफारसपत्र दर वर्षी नवं लागे, कारण श्रद्धा वर्षभरात कमी होऊ शकते; डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला मात्र एकदा दिला की कायमचा चाले. विद्यार्थ्याने स्वतः कुणाकडून तरी समुपदेशन घेतलेलं असावं लागे, आणि त्याची आपल्याला गरज नव्हती हे तोंडी परीक्षेत पटवूनही द्यावं लागे. ग्रीक यावं लागे. भोवतालच्या पाड्यांवरची ठाकरी बोली आली नाही तरी चालत असे. हे सगळं पार पडल्यावर एका माणसाची केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवायची, तिची शब्दशः नोंद ठेवायची, आणि त्यावरून ‘एकात्मीकरण’ नावाचा प्रबंध लिहून दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या घ्यायच्या. समोरच्या विभागाची सही झाली की मी करतो, असं दोन्ही विभागप्रमुख म्हणत. २००२ साल उजाडलं तरी संस्थेतून एकही पदवीधर बाहेर पडला नव्हता, तो एवढ्याचमुळे.

सुवार्ता वाघचौरे ही त्या वर्षीची एकुलती एक विद्यार्थिनी. वडील मुरबाडला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. ते निवृत्त व्हायला आले होते, आणि निवृत्त झाले की दवाखान्यामागची खोली सोडायची होती. उंबरमाळीच्या रेल्वे हॉल्टपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी मिशनचं एक केंद्र होतं, तिथे समुपदेशकाची जागा भरायची होती. तिच्याबरोबर राहायला दोन खोल्या मिळणार होत्या, मागे विहीर. पदवी घे आणि जागा घे, असं धर्मविज्ञान विभागाचे प्रमुख रेव्हरंड उजागरे तिला म्हणाले होते. त्यामुळे मन आणि आत्म्याच्या ऐक्याकडे सुवार्ता त्या दोन खोल्यांच्या दिशेने पाहत होती. ते काही चूक नव्हतं. कपाटामागच्या दारातून कुणीच पाहत नव्हतं.

केसही मिळाली. केंद्राजवळच्या पाड्यावरच्या अंगणवाडीच्या बाईंनी हिरीला पाठवलं. हिरी ठाकर वस्तीतली, मुरबाडपलीकडच्या म्हसा गावाजवळून इकडे दिलेली, तिशीच्या आतली. तान्ही मुलगी तापाने गेली, तेव्हापासून ही झोपतच नाही, अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या. नवरा धाऊ पायाने अधू पण माणूस बरा, त्यानेच पाठवलं.

सुवार्ता सरावासाठी दर गुरुवारी त्याच केंद्रावर बसे. हिरी तिथे आली, सतरंजीवर बसली आणि गप्प राहिली. सुवार्ताही गप्प राहिली. मानसशास्त्राच्या प्रमुख डॉ. चक्रनारायण यांची शिकवण होती की पहिला शब्द समोरच्याचा असला पाहिजे. आपण शांतता मोडली तर त्याचं दुःख आपल्या तोंडून बाहेर पडतं. तास संपला, हिरी उठून गेली. पुढच्या गुरुवारी परत आली, परत तसंच. बाहेर भात पोटरीला आलं, मग कापणी झाली, मग खळ्यावर झोडणी सुरू झाली, आणि आत दोघी एकमेकींकडे पाहत बसल्या.

घोटाळा असा होता की हिरीही एक नियम पाळत होती. पाड्यावर अडलं-नडलं की माणूस भगताकडे जातो. भगत सुपात तांदूळ टाकतो, त्यांच्याकडे पाहतो आणि तुमचं काय झालंय ते तुम्हालाच सांगतो. आपण बोलायचं नसतं. बोलून दाखवलं तर मग त्याने पाहिलं काय? आणि भगतच विचारायला लागला की काय होतंय, कधीपासून होतंय, तर त्याला काही येत नाही हे उघड झालं, उठून घरी जायचं. केंद्रातली बाई काहीच विचारत नव्हती. म्हणजे बाई खरी होती, फक्त वेळ घेत होती. मुरबाडात वाढलेल्या सुवार्ताला हे ठाऊक असायला हवं होतं, पण तिच्या घरी भगताचं नाव काढणाऱ्याला त्या दिवशी जेवण मिळत नसे.

शब्दशः नोंदीच्या कागदाला तीन रकाने होते. पहिल्यात समोरचा काय म्हणाला, दुसऱ्यात आपण काय म्हणालो, तिसऱ्यात त्यावर धर्मविज्ञानाच्या अंगाने चिंतन. सुवार्ताने नोंद दिली तेव्हा पहिले दोन रकाने कोरे होते आणि तिसरा ओसंडून वाहत होता. डॉ. चक्रनारायण यांनी ती परत केली. शांतता फार चांगली हाताळली आहेस, म्हणाल्या, पण शांततेला गुण देता येत नाहीत. रेव्हरंड उजागऱ्यांनीही परत केली. कोऱ्या जागेवर चिंतन करणं ही आमच्याकडे जुनी परंपरा आहे, पण ती पदवीसाठी नाही, असं ते म्हणाले. नाताळच्या आत भरून आणायला सांगितलं.

सुवार्ताने भरून आणली. मुरबाडच्या खोलीत बसून तिने हिरीला कागदावर बोलकं केलं. झोप न येणाऱ्या बाईला झोपेचंच काही तरी खुपत असणार, एवढा धागा तिने धरला आणि बाकीचं पाठ्यपुस्तकाच्या सवयीने आपोआप आलं: मुलगी तापाने गेलीच नव्हती. आई दिवसभर लावणी करून आडवी झाली, मूल कुशीत होतं, झोपेत आईचं अंग त्याच्यावर गेलं. सकाळी आईने ताप म्हणून सांगितलं. दुसऱ्या रकान्यात सुवार्ताने स्वतःला थोडी, पण मोजकी आणि सुरेख वाक्यं दिली. तिसऱ्यात क्षमा.

दोन्ही विभाग हेलावले. डॉ. चक्रनारायण यांनी समासात “अंतर्दृष्टी” असं लिहिलं. रेव्हरंड उजागऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते असं वाया जाऊ नये म्हणून पौषात म्हशाच्या जत्रेला त्यांनी ती केस बरोबर नेली.

म्हशाच्या जत्रेत बैल विकायला अख्खा मुलूख येतो. घोंगड्यांच्या रांगा संपतात तिथे मिशनने एक तंबू लावला होता आणि त्यावर कर्णा. रेव्हरंड उजागरे गुप्ततेचा नियम पाळणारे होते. त्यांनी बाईचं नाव सांगितलं नाही. उंबरमाळीच्या हॉल्टाजवळ राहणारी, इथलीच म्हशाकडची लेक, नवरा पायाने अधू, गुरुवारी आमच्या केंद्रात येणारी एक माउली, एवढंच ते म्हणाले, आणि मग पुढचं सगळं सांगितलं. कर्णा चांगला होता. बैलांच्या बाजारात धाऊ एका गोऱ्ह्याचे दात पाहत होता, तिथपर्यंत ऐकू गेला.

धाऊ गोऱ्हा न घेताच पाड्यावर परतला. घरी गेल्यावर त्याने हिरीला एवढंच विचारलं की हे खरं का. हिरी नाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी तो तिला म्हशाकडे तिच्या आईच्या, गुणाबाईच्या, दारात सोडून आला.

आणि इकडे केंद्रावर बायका यायला लागल्या. येत, सतरंजीवर बसत आणि गप्प राहत. कुणी पुढ्यात मूठभर तांदूळ ठेवी, कुणी नारळ, उदबत्ती. एकीची शेळी हरवली होती, ती कुठल्या रानात आहे हे बाईंनी सांगावं म्हणून ती दोन वेळा येऊन न बोलता गेली. हिरी केंद्रात तोंड उघडत नसे हे पाड्याला ठाऊक होतं, आणि तरी बाईने पाहिलं, ही गोष्ट कसाऱ्यापासून वाशिंदपर्यंत गेली होती. शेवटी पाड्यावरचा भगत नवसू स्वतः आला. त्याने आदराने चपला बाहेर काढल्या, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, “बाई, तुमचा सूप कुठं हाय?”

नारळाची आणि सुपाची बातमी रेव्हरंड उजागऱ्यांच्या ड्रायव्हरमार्फत संस्थेत पोचली. समिती बसली. समिती म्हणजे दोन विभागप्रमुख आणि मधे सुवार्ता. बसायला ग्रंथालय घेतलं, कारण ती जागा कुठल्याच विभागाची नव्हती आणि तिथे कुणी जातही नसे.

रेव्हरंड उजागऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. ती बाई बोललीच नाही असं सगळा पाडा म्हणतो. न सांगता तुला कळलं असेल तर ते शकुन पाहणं झालं, आणि शकुन पाहणाऱ्याला पवित्र शास्त्राप्रमाणे ही पदवी देता येत नाही. डॉ. चक्रनारायण यांचंही सरळच होतं. कळलं नसेल आणि तू मनाने लिहिलं असशील, तर ती बनावट नोंद झाली, आणि बनावट नोंद करणाऱ्याला मानसशास्त्राप्रमाणे ही पदवी देता येत नाही. संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच दोन्ही विभागांचं एका निष्कर्षावर एकमत झालं होतं.

सुवार्ताने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, हिरीने सांगितलं होतं.

मग तिला आणा आणि तिच्या तोंडून येऊ द्या, दोघे म्हणाले.

वडिलांना खोली सोडायची नोटीस आलेली होती. सुवार्ता शहापूरहून एस.टी.ने मुरबाडला गेली, तिथून म्हशाला, आणि पुढे पायी. गुणाबाईचं घर कुडाचं, पुढे शेणाने सारवलेली पडवी. हिरी पडवीत बसून वाल सोलत होती. डोळे आत गेलेले. गुणाबाई मात्र उभी होती, आणि ती गप्प राहण्याचा नियम पाळणाऱ्यांतली नव्हती.

“या,” ती म्हणाली. “जत्रा झाली, आता काय र्‍हायला बघायला?”

सुवार्ताने पाणी मागितलं. गुणाबाईने पाणी दिलं आणि तांब्या खाली ठेवायच्या आत म्हणाली, “पानी प्या न् मंग पाड्यावर जा. धाऊला सांगा का तो म्हातारा कर्ण्यात बोलला ता खोटा हाय. तुमी सांगलात तर तो नेल हिला. वाईट नाय तो. तुमच्या एका शब्दाचा काम हाय.”

ते खरं होतं. त्या मुलुखात तेवढं एकच वाक्य हिरीला घरी नेणारं होतं, आणि ते वाक्य उच्चारू शकणारी एकच बाई होती. तिला फक्त खरं बोलायचं होतं.

“मी खोटं कसं सांगू?” सुवार्ता म्हणाली.

“खोटा कशाला सांगतील त्या, आये,” हिरी वालावरची नजर न काढता म्हणाली. केंद्राच्या कामी तिने काढलेले हे पहिले शब्द. “त्यांनी पायला. नवसूकडं मी तीन येला गेलू. तो म्हनं सासूची नजर. सासू मरून किती सालां झाली. त्याला नाय दिसला. ह्यांना दिसला.”

सुवार्ताने तांब्या खाली ठेवला. तीन रकाने भरताना आपण धागा बरोबर धरला होता, हे तिला इथे, वालाच्या सालींच्या ढिगापुढे कळलं. आणि ज्या विद्येत आपण एवढ्या हुशार निघालो तिच्यात आपल्याला नापास करायची तयारी चालली आहे, हेही. मग तिने आपलं काम सांगितलं. शहापूरला यायचं, दोन मोठी माणसं विचारतील, त्यांना सांगायचं की हे मीच बाईंना सांगितलं.

“म्हंजे ता खोटा चालतं,” गुणाबाई म्हणाली.

हिरी वाल सोलत राहिली. आईने तांब्या आत नेला तेव्हा तिने हात थांबवले.

“मी येन,” ती म्हणाली. “तुमी म्हनाल ता सांगन. पन तुमाला दिसतं, तर माझा एक सांगा. ती पोर माझेवर रागावली हाय का?”

डॉ. चक्रनारायण यांच्या शिकवणीप्रमाणे अशा प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं. तुला काय वाटतं, असं विचारायचं असतं. रेव्हरंड उजागऱ्यांच्या शिकवणीप्रमाणे मेलेल्यांच्या वतीने बोलायचंच नसतं. क्षमा करणारा एकच आहे आणि तो कंपाउंडरच्या मुलीमार्फत निरोप पाठवत नाही. सुवार्ताला दोन्ही शिकवणी त्या क्षणी पाठ होत्या. तिला त्या दोन खोल्याही दिसत होत्या, मागे विहीर.

“नाही,” ती म्हणाली. “नाही रागावली.”

“पायलात?”

“पाहिलं.”

हिरीने मान हलवली. परत वालाला हात घातला, दोन शेंगा सोलल्या, आणि बसल्या बसल्याच कुडाला टेकून तिला झोप लागली. गुणाबाई बाहेर आली, लेकीकडे पाहिलं, आणि सुवार्ताला हाताने खूण केली की आता ऊठ, जा, आवाज करू नको. संपूर्ण अभ्यासक्रमात मन आणि आत्मा यांचं एकात्मीकरण असं जे काही घडलं ते एवढंच. केंद्राबाहेर, गुरुवार नसताना आणि ठरवून दिलेल्या पद्धतीविरुद्ध झाल्यामुळे ते नोंदीत धरता आलं नाही.

ठरलेल्या दिवशी हिरी आली. नऊवारी धुवट, डोळे जरा वर आलेले. ग्रंथालयातल्या खुर्चीवर बसायला तिने नकार दिला, म्हणून समितीला वाकून प्रश्न विचारावे लागले. हे तू स्वतः यांना सांगितलंस का, रेव्हरंड उजागऱ्यांनी विचारलं. हिरीने सुवार्ताकडे पाहिलं. मग म्हणाली, “व्हय. मीच सांगला. सगला सांगला.”

कोणत्या वारी, डॉ. चक्रनारायण यांनी विचारलं.

“बेस्तरवारी,” हिरी म्हणाली.

नोंदीत गुरुवारच होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आधी सही कुणी करायची हा प्रश्न निघाला, आणि त्यावर जेवायच्या वेळेपर्यंत चर्चा झाली. शेवटी दोघांनी दोन वेगळ्या प्रतींवर एकाच वेळी सह्या करून प्रती बदलल्या. हिरी तोवर बाहेर आंब्याखाली बसली होती. तिला चहा द्यायचं ठरलं, पण तो कुठल्या विभागाने द्यायचा हे ठरलं नव्हतं.

संध्याकाळी ड्रायव्हरने हिरीच्या जबानीची बातमी खर्डीच्या बाजारात सांगितली, आणि तिथून ती पाड्यावर चढली. बाईने न सांगता पाहिलं, अशी गोष्ट होती तोवर धाऊची समजूत काढता येण्यासारखी होती. भगताच्या नजरेपुढे कुणाचं काय चालतं, असं पाड्यावरचे म्हातारे त्याला सांगत होते, आणि तो ऐकूनही घेत होता. पण बायकोने स्वतःच्या तोंडाने घरातलं मरण परक्याला सांगितलं, त्याला सांगायच्या आधी, शहापूरला जाऊन खुर्चीवरच्या माणसांपुढे परत एकदा सांगितलं, हे ऐकल्यावर म्हाताऱ्यांकडेही बोलायला काही उरलं नाही. शिमग्यानंतर त्याने दुसरी केली. हिरी आईकडेच राहिली. वाल संपल्यावर गुणाबाईबरोबर मुरबाडला मजुरीला जाऊ लागली. झोप लागत होती, असं म्हणतात.

सुवार्ताला पदवी मिळाली. समारंभात रेव्हरंड उजागऱ्यांनी मन आणि आत्मा यांच्यातली भिंत आज पडली असं सांगितलं आणि सगळ्यांना त्या भिंतीच्या आपापल्या बाजूला जेवायला पाठवलं. पदवी घेऊन ती सोमवारी मिशनच्या कार्यालयात जागेसाठी गेली. तिथल्या कारकुनाने तिचं प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं, छान आहे म्हणाला, आणि फळ्यावरच्या जाहिरातीकडे बोट केलं. परदेशातून पैसा देणाऱ्यांनी गेल्या वर्षीच योजना बदलली होती, समुपदेशकाच्या जागी आता क्षेत्र-कार्यकर्ता घ्यायचा होता, खोल्या त्याच.

अटी दोनच होत्या. बारावी पास, आणि सायकल चालवता येणं आवश्यक.

सुवार्ताला सायकल येत नव्हती.